कर्णधाराच्या मागावर, पनवेल जंक्शनहून

सुनील छेत्री भारताच्या पुरुष फुटबॉल संघाकडून १५७ सामने खेळला आणि त्यांत त्याने ९५ गोल केले. भारतीयांमध्ये हे दोन्ही आकडे सर्वाधिक आहेत. देशासाठी केलेल्या गोलांच्या पुरुषांच्या जागतिक यादीत त्याच्या पुढे क्रिस्तियानो रोनाल्डो, लिओनेल मेस्सी आणि इराणचा अली दाई एवढेच तिघे. छेत्रीचा जन्म ३ ऑगस्ट १९८४चा, सिकंदराबादचा. वडील लष्करात असल्याने बदल्यांमागून बदल्या होत राहिल्या. शिक्षण दार्जिलिंग, गंगटोक, दिल्ली असे फिरतीवर झाले. आई सुशीला या स्वतः नेपाळच्या महिला संघाकडून खेळलेल्या, त्यामुळे घरात चेंडू होता आणि तो कसा मारायचा हे सांगणारेही कोणी होते. पहिला आंतरराष्ट्रीय सामना १२ जून २००५ रोजी क्वेट्टात, पाकिस्तानविरुद्ध. सामना १-१ असा सुटला. भारताचा गोल या वीस वर्षांच्या पोराचा होता.

महाराष्ट्राशी त्याचे नाते जन्माचे नाही, मैदानांचे आहे. या कारकिर्दीतले सर्वांत गाजलेले दहा दिवस अंधेरीच्या एका मैदानावर गेले. पनवेलकराला त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. हार्बरच्या लोकलने अंधेरी गाठता येते आणि पनवेल स्टेशनातूनच कोकणची गाडी पकडली की फुटबॉलवेड्या मडगावात उतरता येते. या दोन वाटांवर कर्णधाराच्या कारकिर्दीचा बराचसा भाग सापडतो. ज्या समाजासमोर ती घडली, तोही वाटेत भेटत जातो.

पनवेलला फुटबॉलचे गाव म्हणणे धाडसाचे होईल. इथले खेळ दोन, कबड्डी आणि टेनिस बॉलचे क्रिकेट. भातकापणी उरकली की तालुक्यातल्या आगरी-कोळी गावांच्या शेतांत खेळपट्ट्या तयार होतात. मंडप पडतो, लाउडस्पीकर बांधले जातात, बक्षिसाची मोटारसायकल हार घालून मंचाशेजारी उभी राहते. समालोचक आगरी बोलीत फलंदाजाची, त्याच्या बापाची आणि गावाची अशी तिहेरी ओळख करून देतो. षटकार बसला की माइकवरच आरोळी उठते. थंडीच्या रात्री मैदानाच्या कडेला पोपटी लागलेली असते. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी आणि भांबुर्ड्याचा पाला भरून भोवती जाळ करतात. सामना कोणाचाही असो, मडके उतरवले की अर्धे गाव तिकडे सरकते. अशा स्पर्धांना प्रेक्षक बोलवावे लागत नाहीत. खेळणारा ओळखीचा असतो, बसायची जागा फुकट असते आणि घर चालण्याच्या अंतरावर असते. छेत्रीची गोष्ट समजून घेताना ही तीन कारणे हाताशी ठेवावीत.

पनवेल हे लोकलचे सुरुवातीचे स्टेशन. त्यामुळे इथे चढणाऱ्याला खिडकी मिळते आणि त्याच्या चेहऱ्यावर थोडी जमीनदारी येते. खांदेश्वर, मानसरोवर होईपर्यंत ती टिकते. खारघरला गर्दी आत शिरते आणि तिघांच्या बाकावर चौथा टेकतो. ही चौथी सीट कोणत्याही नियमात नाही, पण ती नाकारणारा माणूस डब्यात वाईट ठरतो. चौथ्याने अर्धी मांडी टेकवायची, बाकीच्यांनी एक बोटभर सरकायचे आणि कोणी कोणाचे आभार मानायचे नाहीत. पनवेलच्या एसटी स्टँडवर याच माणसांना रुमाल टाकून जागा धरताना पाहिलेले असते. लोकलमध्ये चढल्यावर त्यांचे शिष्टाचार बदलतात.

खारघरचे डोंगर पावसाळ्यात हिरवे आणि एरवी तपकिरी. त्यांच्या पायथ्याला सिडकोने फुटबॉलचे सेंटर ऑफ एक्सलन्स उभारले आहे. त्याहून जास्त फुटबॉल मात्र इमारतींच्या मधल्या, जाळ्या लावलेल्या भाड्याच्या टर्फवर चालतो. रात्री दहाला ऑफिसातून सुटलेली मुले तासाचे पैसे वाटून घेतात आणि पाच-पाच जणांत खेळतात. पाठीवर नावे असतात ती मेस्सी, हालांड, साकाची. छेत्रीचा अकरा नंबर क्वचित दिसतो. या मुलांना फुटबॉल आवडत नाही असे कोण म्हणेल? रात्री साडेबाराचा इंग्लंडमधला सामना ती जागून बघतात. भारताचा सामना कधी आहे, हे मात्र त्यांना दुसऱ्या दिवशी कळते.

नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमचे छत्र दिसू लागते. हे मुळात क्रिकेटचे मैदान, फुटबॉल तिथे पाहुणा म्हणून येतो. २०१५च्या हंगामात छेत्रीच्या मुंबई सिटी क्लबचे घरचे सामने इथे होत. २८ ऑक्टोबर २०१५ रोजी नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध छेत्रीने इथेच हॅटट्रिक केली. इंडियन सुपर लीगमधली भारतीय खेळाडूची ती पहिली हॅटट्रिक. दोन वर्षांनी सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने इथे झाले. २० जानेवारी २०२२ रोजी भारतीय महिला संघाने आशिया चषकात इराणशी इथेच ०-० अशी बरोबरी केली. नंतर कोरोनाने संघ इतका पोखरला की पुढच्या सामन्याला पुरेशा खेळाडू उभ्या करता आल्या नाहीत आणि यजमानांनाच स्पर्धा सोडावी लागली. याच मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ रोजी हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. मैदान तेच होते. गर्दी जिंकण्याच्या शक्यतेमागे जाते, आणि फुटबॉलमध्ये भारताने ती शक्यता फार काळ देऊ केली नव्हती.

छेत्रीने ती थोडीफार देऊ केली, पण दिल्लीत. वाशीची खाडी ओलांडताना गाडीचा आवाज पोकळ होतो आणि खाली ओहोटीच्या चिखलात होड्या कलंडलेल्या दिसतात. मुंबई सुरू होण्याआधीच्या या मोकळ्या पट्ट्यात त्याच्या कारकिर्दीचा दिल्लीतला भाग सांगून टाकावा. इंग्लिश प्रशिक्षक बॉब हॉटन यांच्या संघाने २००७मध्ये आंबेडकर स्टेडियमवर सिरियाला हरवून नेहरू चषक जिंकला, २००९मध्ये पुन्हा सिरियालाच हरवून तो राखला. त्या संघाचा चेहरा होता सिक्कीमचा बायचुंग भुतिया, पण गोलांचे ओझे हळूहळू छेत्रीकडे सरकत होते. १३ ऑगस्ट २००८ला दिल्लीतच एएफसी चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने ताजिकिस्तानला ४-१ असे हरवले. छेत्रीचे तीन गोल. या विजयाने भारताला २०११च्या आशिया चषकाचे दार उघडले, जे १९८४नंतर बंदच होते.

त्या दारातून आत गेल्यावर काय झाले तेही सांगायला हवे. दोहात ऑस्ट्रेलियाने चार, बहरीनने पाच आणि दक्षिण कोरियाने चार गोल चढवले. भारताने तीन सामन्यांत तीन गोल केले, त्यांतले दोन छेत्रीचे, बहरीन आणि कोरियाविरुद्ध. त्याचे बहुतेक गोल मालदीव, नेपाळ, अफगाणिस्तान, पाकिस्तान यांच्यासारख्या दुबळ्या संघांविरुद्धचे आहेत असा टोमणा नेहमी मारला जातो. आकडे पाहता तो खोटा नाही. पण भारताला सामने ज्यांच्याशी मिळतात त्यांच्याशीच तो खेळला, आणि मोठ्यांशी गाठ पडली तेव्हा गोल करायला बहुधा तोच होता. भुतियाने २०११मध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडले. त्याच वर्षी दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेत छेत्रीने सात गोल करून भारताला विजेतेपद मिळवून दिले. अर्जुन पुरस्कारही त्याच वर्षीचा. २०१२मध्ये विम कोवरमन्स या डच प्रशिक्षकांच्या काळात तिसरा नेहरू चषक आला, तोवर दंडावरची पट्टी त्याच्याकडे स्थिरावली होती.

मानखुर्द, गोवंडी, चेंबूर. रुळांना खेटून घरे, घरांना खेटून दोऱ्यांवर कपडे, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत क्रिकेट. वडाळ्याला फाटा बदलला की गाडी किंग्ज सर्कल, माहीम करत वांद्र्याकडे वळते. माहीमच्या खाडीचा वास डब्यात येतो आणि पलीकडे वेगळी मुंबई सुरू होते. ईस्ट इंडियन, गोवेकर आणि मंगळुरी ख्रिस्ती वस्त्यांची ही मुंबई आहे आणि फुटबॉल तिच्या रविवारचा भाग असतो. पनवेलच्या पाड्यावर सकाळी देवळासमोर पोरे बॅट घेऊन जमतात. वांद्र्यात ती चर्चमधून सुटली की बूट पिशवीत घालून निघतात. बेकरीत उभ्या उभ्या पाव-मस्का खाणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गप्पा कूपरेज मैदानावरच्या जुन्या सामन्यांवर येतात. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के, महिंद्र ही नावे त्यांच्या तोंडी कंपन्यांची नसतात, संघांची असतात.

वांद्रे पश्चिमेला नेव्हिल डिसोझा यांच्या नावाचे फुटबॉल मैदान आहे. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये या मुंबईकर गोवेकराने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारताने यजमानांना ४-२ने हरवले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्धचा भारताचा एकमेव गोलही त्यांचाच. भारत चौथा आला. संध्याकाळी त्या मैदानावर अंडर-टेनची मुले शंकूंमधून चेंडू काढत असतात आणि जाळीबाहेर आया पाण्याच्या बाटल्या धरून उभ्या असतात. फलकावरचे नाव कोणाचे, असे विचारले तर त्यांतली एखादी सांगते. बाकीच्या फलकाकडे पाहतात. छेत्रीच्या आधीच्या पिढ्यांचे मोठेपण असे मैदानाच्या नावापुरते उरले आहे, कारण ते बघितलेले लोक गेले आणि चित्रफिती फारशा नाहीत. छेत्रीचे तसे होणार नाही. त्याचा प्रत्येक गोल कोणाच्या तरी फोनमध्ये आहे.

अंधेरी स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडणे हा एक खेळच आहे. रिक्षावाला नकार देताना मान इतकी सूक्ष्म हलवतो की नवख्याला तो होकार वाटतो. मेट्रोने आझादनगर गाठावे हे उत्तम. तिथून वीरा देसाई रस्त्यावर शहाजीराजे क्रीडा संकुल, त्यात एका बाजूला जलतरण तलाव आणि दुसऱ्या बाजूला मुंबई फुटबॉल अरेना. मैदान छोटे आहे, पण धावपट्टी नसल्याने प्रेक्षक रेषेजवळ बसतो. कोपऱ्यावर चेंडू ठेवणाऱ्या खेळाडूचा श्वास ऐकू यावा इतके जवळ. बाहेर सँडविचवाला हिरव्या चटणीवर बीट, बटाटा, काकडी रचतो, वर शेवेचा डोंगर करतो आणि सुरीने सहा तुकडे पाडतो. पनवेलचा वडापाव खाताना कोणी बोलत नाही. हे सँडविच खाताना बोलावेच लागते, कारण दर घासाला काहीतरी सांडते.

३ सप्टेंबर २०१६ रोजी इथे भारताने पोर्तो रिकोला ४-१ने हरवले, त्यात छेत्रीचा एक गोल होता. मुंबईत पुरुष संघाचा आंतरराष्ट्रीय सामना तब्बल ६१ वर्षांनी होत होता. ज्या शहराने नेव्हिल डिसोझा दिले, त्या शहराला राष्ट्रीय संघ बघायला दोन पिढ्या थांबावे लागले. सामने होत नाहीत म्हणून लोक येत नाहीत की लोक येत नाहीत म्हणून सामने होत नाहीत, हा वाद इथल्या फुटबॉलवाल्यांत जुना आहे. दोन वर्षांनी कर्णधाराने त्यात स्वतःच तोंड घातले.

जून २०१८मध्ये इंटरकॉन्टिनेंटल चषक या नावाची चार देशांची स्पर्धा इथे भरली. १ जूनला पहिल्या सामन्यात भारताने चायनीज तैपेईला ५-० असे धुतले. छेत्रीची हॅटट्रिक. स्टेडियममध्ये प्रेक्षक होते २,५६९. आमच्याकडच्या टेनिस बॉलच्या फायनलला याहून जास्त माणसे उभी असतात, आणि त्यांना खुर्च्याही नसतात. दुसऱ्या दिवशी छेत्रीने फोनसमोर उभे राहून एक चित्रफीत टाकली. या, आम्हाला शिव्या द्या, टीका करा, ओरडा, पण मैदानावर येऊन करा, असा तिचा आशय. युरोपातल्या क्लबांच्या चाहत्यांनाही त्याने त्यात हाक घातली. आपला दर्जा त्यांच्या जवळपासही नाही हे कबूल करून, तरी तुमचा वेळ वाया जाणार नाही असे सांगितले. आवाजात चीड नव्हती, कळवळा होता, आणि म्हणूनच ती लोकांना बोचली. विराट कोहली, सचिन तेंडुलकर यांनी ती पुढे पाठवली. क्रिकेटपटूंनी शिफारस केल्यावर फुटबॉलची तिकिटे खपावीत यातला विनोद छेत्रीलाही कळला असेल.

४ जूनला केनियाविरुद्धचा सामना त्याचा शंभरावा होता. भुतियानंतर शंभरी गाठणारा तो दुसरा भारतीय. तिकिटे संपली होती. आणि त्या संध्याकाळी मुंबईचा पाऊस कोसळला. मैदानात ठिकठिकाणी पाणी, पास दिलेला चेंडू मध्येच रुतून बसायचा. अर्ध्या वेळेपर्यंत गोल नाही. प्रेक्षक छत्र्या उघडत, मागच्यांच्या आरडाओरड्याने मिटत आणि शेवटी भिजतच बसत. ६८व्या मिनिटाला पेनल्टी मिळाली आणि छेत्रीने गोल केला. तीन मिनिटांनी सहकारी जेजेने दुसरा केला. शेवटच्या क्षणी गोलरक्षक पुढे आलेला पाहून छेत्रीने चेंडू त्याच्यावरून उचलला. ३-०. अंतिम सामन्यात, १० जूनला, पुन्हा केनिया आणि पुन्हा दोन्ही गोल त्याचेच. पहिला आठव्या मिनिटाला. अनिरुद्ध थापाने फ्री किक जमिनीलगत आत ढकलली, सगळे उंच चेंडूची वाट पाहत होते आणि छेत्री तेवढा खाली, बरोबर जागी होता. दुसऱ्यात अनसने मागून लांब फेकलेला चेंडू त्याने छातीवर घेतला, एक टप्पा पडू दिला आणि डाव्या पायाने मारला. ६४ गोल. त्या दिवशी मेस्सीचेही तेवढेच होते.

बेतासबात उंचीचा हा माणूस हेडरने इतके गोल कसे करतो, याचे उत्तर त्या पहिल्या गोलात आहे. बचावपटू चेंडूकडे बघत असतात तेव्हा तो मोकळ्या जागेकडे बघत असतो. वेग त्याच्याहून जास्त असलेले अनेक आले नि गेले. अंदाज त्याच्याइतका पक्का कोणाचा नव्हता. आहार, झोप, व्यायाम यांतली त्याची शिस्त संघात दंतकथेसारखी सांगतात. पस्तिशीनंतरही तो टिकला तो त्यामुळे.

आवाहनाने काम केले, पण किती दिवस? पुढच्या वर्षांत कोलकाता, गुवाहाटी, बेंगळुरू इथे गर्दी झाली, मुंबई मात्र पुन्हा आपल्या क्लबांच्या जर्सीत शिरली. त्या रात्री पावसात भिजलेल्यांतले पुष्कळ जण आजही तो सामना प्रत्यक्ष पाहिल्याचे सांगतात. आणि सांगणाऱ्यांची संख्या स्टेडियमच्या क्षमतेपेक्षा जास्त असावी अशी दाट शंका आहे.

पनवेलहून दुसरी वाट दक्षिणेला जाते. पेण, रोहा मागे पडले की कोकण रेल्वे सुरू होते. भात पिवळे पडलेले, मधूनच नदीचे लाल पाणी, आणि मग बोगदे. फोनवर सामना लावून बसलेल्या प्रवाशाला बोगद्यात तो गोठलेल्या चित्रात दिसतो आणि पलीकडे निघाला की स्कोअर बदललेला असतो. शेजारचे अनोळखी बिऱ्हाड डबा उघडते, थालीपीठ पुढे करते आणि कुठल्या गावचे, कुणाकडचे, असे विचारते. लोकलमध्ये जागा दिली जाते पण नाव विचारले जात नाही. इथे नाव, गाव, आडनाव कळल्याशिवाय चिपळूण येत नाही.

छेत्रीच्या कारकिर्दीची २०१९नंतरची वर्षेही अशीच उजेड-अंधाराची. ६ जानेवारी २०१९ला अबुधाबीत आशिया चषकात भारताने थायलंडला ४-१ने हरवले, त्याचे दोन गोल. १९६४नंतर या स्पर्धेतला भारताचा पहिला विजय. पुढे संयुक्त अरब अमिराती आणि बहरीन यांच्याकडून हार, बहरीनकडून तर अखेरच्या मिनिटांतल्या पेनल्टीवर, आणि संघ घरी. त्याच वर्षी सप्टेंबरात भारताने दोहात आशियाई विजेत्या कतारला ०-० रोखले, तेव्हा छेत्री आजारी होता आणि पट्टी गोलरक्षक गुरप्रीतसिंगच्या दंडावर होती. त्याच्याशिवाय संघाला गोल होत नव्हते हे खरे, पण बचाव करता येत होता.

२०२१मध्ये मालदीवमधल्या सॅफ स्पर्धेत त्याने पेलेच्या ७७ गोलांना मागे टाकले. त्याच वर्षी खेलरत्न मिळवणारा तो पहिला फुटबॉलपटू ठरला. २०१९ची पद्मश्री गाठीशी होतीच. २०२३च्या जून-जुलैत भुवनेश्वर आणि बेंगळुरूत दोन स्पर्धा जिंकून संघ जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात आला, पाकिस्तानविरुद्ध छेत्रीची हॅटट्रिकही त्यातच. सगळे सुरळीत चालले आहे असे वाटत असतानाच २०२४च्या जानेवारीत कतारमधल्या आशिया चषकात भारत तिन्ही सामने हरला. तीन सामन्यांत गोल एकही नाही. २६ मार्चला गुवाहाटीत, त्याच्या १५०व्या सामन्यात, अफगाणिस्तानने २-१ने हरवले. भारताचा गोल त्याचाच, पेनल्टीवर. चाळिशीला टेकलेल्या माणसाच्या पेनल्टीवर देशाचे फुटबॉल उभे होते. त्याचे श्रेय त्याला आणि दोष इतर सगळ्यांना द्यावा लागतो. ६ जून २०२४ला कोलकात्यात सॉल्ट लेकच्या भरगच्च स्टेडियममध्ये कुवेतविरुद्ध ०-० अशा बरोबरीने त्याने निरोप घेतला.

निरोप नऊ महिने टिकला. प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी गोल करणारा कोणी सापडत नाही म्हणून त्यालाच परत बोलावले. १९ मार्च २०२५ला शिलाँगला मालदीवविरुद्ध ३-० विजयात मुंबईच्या राहुल भेकेने पहिला, गोव्याच्या लिस्टन कोलासोने दुसरा आणि छेत्रीने तिसरा गोल केला. तो त्याचा पंचाण्णवावा, आणि शेवटचा. त्याच्या परतण्याने त्याच्या नावाला एक गोल मिळाला आणि इतर कोणाला तरी मिळू शकणारी काही महिन्यांची जागा गेली. आपल्याकडे थोरांना निरोप देण्याची हौस मोठी, पण त्यांची खुर्ची दुसऱ्याला देण्याचा आळस त्याहून मोठा.

मडगावात उतरले की फुटबॉल हा विषय काढावा लागत नाही. सकाळी चहाच्या दुकानात पातळ भाजीत पाव बुडवणारा माणूस वर्तमानपत्र मागच्या पानापासून उघडतो. १८८३मध्ये शिवोलीला एका ब्रिटिश धर्मगुरूने हा खेळ आणला असे मानतात, आणि आज तो राज्याचा अधिकृत खेळ आहे. कापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतांत पनवेलकडे स्टंप रोवतात, इथल्या सासष्टी तालुक्यात गोलपोस्ट उभे राहतात. वाड्यावाड्यांच्या संघांत वैर असते, दोन्हीकडच्या घरांत सोयरीकही असते. रेषेवर उभ्या असलेल्या बायका रेफ्रीला कोकणीत जे ऐकवतात ते इथे छापता येणार नाही. ताळगावच्या ब्रह्मानंद शंखवाळकर यांनी १९८३ ते १९८६ भारताचे नेतृत्व केले. गोलरक्षक असलेल्या कर्णधाराच्या हातून १९८४च्या संतोष करंडकात एकही चेंडू जाळ्यात गेला नव्हता, हे इथे न विचारता सांगतात. ब्रुनो कुतिन्हो, क्लायमॅक्स लॉरेन्स हेही भारताचे कर्णधार. छेत्री २००९-१० साली डेम्पोकडून खेळला आणि त्या हंगामात डेम्पोने आय-लीग जिंकली. एवढ्या भांडवलावर मडगावकर त्याला आपला म्हणतात. मुंबईत त्याला बघायला यावे म्हणून विनवावे लागले. इथे लोक तिकीट काढून येतात आणि सोबत सल्लाही आणतात.

१४ ऑक्टोबर २०२५ला मडगावातल्याच फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर आशिया चषक पात्रतेचा सामना होता, सिंगापूरशी. प्रशिक्षक आता खालिद जमील, मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडून खेळलेले आणि मुंबईतच प्रशिक्षक म्हणून घडलेले. बऱ्याच वर्षांनी ही जबाबदारी भारतीयाकडे आली होती. १४व्या मिनिटाला लालियानझुआला छांगतेने लांबून जबरदस्त गोल मारला. मध्यंतराच्या तोंडावर साँग उइ-यंगने बरोबरी साधली आणि ५८व्या मिनिटाला त्यानेच दुसरा केला. भारत १-२ हरला आणि २०२७च्या आशिया चषकाचा रस्ता बंद झाला. छेत्रीचा हा १५७वा सामना. स्पर्धाच उरली नाही म्हटल्यावर थांबत असल्याचे आपण जमील यांना कळवले, असे त्याने पुढे सांगितले. यावेळी चित्रफीत नव्हती, मानवंदना नव्हती. १८ नोव्हेंबरला संघ त्याच्याविना ढाक्यात उतरला, बांगलादेशकडून ०-१ने हरला, आणि गोल कोण करणार हा प्रश्न आता जमील यांच्याकडे आला.